मे महिन्यातलं पाणी आणि शेवटचा नळ

अनेक आशीर्वाद.

सिंधुदुर्गात ग्रामीण पाणीपुरवठ्याच्या कामावर रुजू होऊन महिना झाला नाही तोच गावांचे आराखडे हातात पडले, हे चांगलंच. तुझ्या पत्रात सगळे प्रश्न पाइपांच्या व्यासाचे आहेत. ते गणिताने सुटतात, त्यांच्याकडे येतोच. पण योजना फसते ती दुसऱ्या दोन जागी: मे महिन्यात उद्भवाला, म्हणजे जिथून पाणी उचलायचं त्या स्रोताला, पाणी किती उरतं, आणि सगळ्यांत वरच्या वाडीतल्या शेवटच्या नळाला दाब किती मिळतो. बाकी आराखडा या दोन टोकांच्या मधे बसवायचा.

आधी माणसं मोज. लोकसंख्येला ठरावीक दराने वाढ लावून पुढच्या 30 वर्षांचा आकडा काढायची सवय सगळ्यांना असते. या जिल्ह्याची लोकसंख्या 2001 च्या जनगणनेत 8,68,825 होती आणि 2011 ला 8,49,651 झाली. म्हणजे ती घटली. आंधळेपणाने वाढ धरलीस तर टाकी उगाच मोठी होईल, पाणी शिळं होईल आणि पंप चुकीचा निवडला जाईल. उलट चूकही तितकीच महाग पडते. मे महिन्यात मुंबईहून चाकरमानी येतात, वर्षभर बंद असलेली घरं उघडतात. गणपतीतही येतात, पण तेव्हा विहिरी काठोकाठ असतात. मेमध्ये घरं भरलेली आणि विहीर तळाला, असा दुहेरी फास बसतो. म्हणून ग्रामपंचायतीची घरपट्टीची यादी घे, अंगणवाडी सेविकेला बरोबर घेऊन वाडीवार बंद घरं मोज. एक उदाहरण धरू: वस्ती 1,800, मेमध्ये 3,000. जलजीवन मिशनच्या निकषाने माणशी 55 लिटर म्हणजे 1,65,000 लिटर. गळतीचे 15 टक्के धरले तर उद्भवातून दिवसाला सुमारे 1,94,000 लिटर उचलावं लागेल.

आता हे पाणी विहिरीत आहे का ते बघ. क्षमता चाचणी एप्रिलच्या शेवटी किंवा मेमध्येच व्हायला हवी. डिसेंबरमध्ये घेतलेली चाचणी कोकणात काहीच सांगत नाही. भूजल सर्वेक्षण यंत्रणेचा दाखला लागतोच, पण दाखल्यावर चाचणीची तारीख कोणती आहे ते आधी वाच. पद्धत साधी आहे: पंपाने पातळी खाली ने, पंप बंद कर आणि दर अर्ध्या तासाला भरत मोज. सहा मीटर व्यासाच्या विहिरीत एक मीटर पाणी म्हणजे 28,000 लिटर. चार तासांत एक मीटर भरलं तर ताशी 7,000, दिवसाला 1,68,000. आपल्याला 1,94,000 हवेत. म्हणजे ही विहीर एकटी पुरणार नाही. विहीर भरत येते तसा झऱ्यांचा वेग मंदावतो, तेव्हा पहिल्या अर्ध्या तासाचा आकडा 24 तासांनी गुणून खूश होऊ नकोस. दुसरी विहीर घ्यायची, की वहाळावर, म्हणजे ओढ्यावर, बंधारा बांधून पाणी धरायचं, हे याच टप्प्यावर ठरव. वेंगुर्ले, मालवण, देवगड या किनारपट्टीच्या तालुक्यांत खाडीजवळच्या विहिरीचा नमुना मेमध्येच तपासून घे, कारण उपसा वाढला की खारं पाणी आत सरकतं. जांभ्यातल्या पाण्यात कधी लोह सापडतं. पाणी बादलीत स्वच्छ दिसतं आणि तासाभराने तांबूस होतं. तसं असेल तर हवा खेळवून गाळायची सोय आराखड्यातच घाल.

तिसरी गोष्ट इंजिनिअरिंगच्या पुस्तकात नसते. विहिरीची आणि टाकीची जागा. सातबाऱ्यावर अठरा नावं आणि त्यातली बारा मुंबईत, असा प्रकार इथे नेहमीचा. तोंडी होकारावर काम सुरू होतं, चौथरा येतो आणि एखादा सहहिस्सेदार मे महिन्यात येऊन हरकत घेतो. नोंदणीकृत बक्षीसपत्र हातात आल्याशिवाय त्या जागेची पातळीसुद्धा घेऊ नकोस.

पातळी घेताना मोबाइलवरची उंची वापरू नकोस. ती सहज दहा मीटरने चुकते, आणि शेवटच्या नळाला आपल्याला किमान दाब हवा असतो तो 7 मीटरचा, म्हणजे सात मीटर उंच उभ्या पाण्याचा. ऑटो लेव्हल किंवा टोटल स्टेशन या मोजणीच्या यंत्राने प्रत्येक वाडीचं सगळ्यांत उंच आणि सगळ्यांत सखल घर नोंद. टाकीची तळपातळी वरच्या घरावरून ठरते. मग खालच्या वाडीत बघ. ती 70 मीटर खाली असेल तर रात्री पाणी उभं राहिल्यावर तिथे सात किलोचा दाब येतो (दर दहा मीटरला चौरस सेंटिमीटरवर एक किलो), नळांचे स्पिंडल गळतात, जोड सुटतात. शिवाय सगळं पाणी खालीच धावतं आणि वरच्या वाडीत नळ फुसफुसतो. तिथे पाइप मोठा करून काही होत नाही, उंचीप्रमाणे गट पाडावे लागतात. वरच्या वाडीची टाकी वेगळी, खालच्यांसाठी मधे दाब मोडणारी छोटी टाकी, म्हणजे आपली बीपीटी. एका गटात 30-35 मीटरहून जास्त फरक ठेवू नये, असं माझं मत.

आता व्यास. वीज आठ तास धरली तर ताशी 24,250 लिटर, म्हणजे सेकंदाला 6.74 लिटर. पीई 100 प्रतीचा, पीएन 10 चा (दहा किलो, म्हणजे सुमारे 100 मीटर दाब सोसणारा) एचडीपीई, म्हणजे प्लास्टिकचा, पाइप घेतला तर किलोमीटरला घर्षणात जाणारी उंची अशी येते: 90 मिमीमध्ये 23 मीटर, 110 मध्ये 9, आणि 140 मध्ये 3 हून कमी. ऊर्ध्ववाहिनी, म्हणजे पंपापासून टाकीपर्यंतचा पाइप, दोन किलोमीटर आणि चढ 60 मीटर असेल तर 90 मिमीला पंपाने 106 मीटर उचलायचं, 110 ला 78. खरेदीत 90 स्वस्त. पण पंपसंच 55 टक्के कार्यक्षम धरलास तर हा 28 मीटरचा फरक सुमारे साडेतीन किलोवॅटचा आहे, आणि दिवसाला पाच तासच पंप चालला तरी वर्षाला सहा हजारांवर युनिट होतात. तेही दरवर्षी. म्हणून 110 घे. 140 इथे गरजेपेक्षा जास्त, अंतर चार-पाच किलोमीटर असतं तर विचार केला असता. एक बारकावा: 78 मीटरला पीएन 10 चालेल असं वाटतं, पण वीज एकदम गेली की पाणी उलटून आणखी 20-25 मीटरची ठेच देतं. पंपापासूनचा सखल भाग पीएन 12.5 चा ठेव. त्याचा आतला व्यास थोडा कमी असतो, तेवढ्या लांबीचं घर्षण पुन्हा मोज. चढाच्या प्रत्येक माथ्यावर एअर व्हॉल्व्ह हवा, नाहीतर पाइपात हवा धरते आणि पंप चालूनही टाकीत धार येत नाही. सखल ठिकाणी वॉशआउट, म्हणजे साचलेला गाळ सोडायचा व्हॉल्व्ह, ठेव, तो शक्यतो वहाळाकडे सोड. साकवावरून पाइप नेताना एचडीपीई नको, उन्हात लोंबतो. तिथे जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) किंवा डीआय (डक्टाइल आयर्नचा) पाइप आणि पक्के क्लँप.

वितरणात सगळ्यांत जास्त फसवणूक होते ती तासांची. व्यास काढताना दिवसाच्या सरासरीच्या तिप्पट प्रवाह धरतात, म्हणजे दिवसाचं पाणी आठ तासांत वाटलं जाईल असा हिशेब. प्रत्यक्षात ग्रामपंचायत एक तास पाणी सोडते. मग त्याच पाइपातून चोवीस पट प्रवाह जायला हवा, आणि तो जात नाही. शेवटच्या घराची तक्रार येते, लोक मोटर लावतात, मग पुढच्यांचंही पाणी तुटतं. पाणी किती तास सोडणार ते ग्रामसभेत आधी ठरवून घे, आणि त्या तासांवर पाइप काढ. वीज बेभरवशाची असते, तेव्हा आपल्या उदाहरणातल्या गावाला टाकी निम्म्या दिवसाची, म्हणजे एक लाख लिटरची.

काम सुरू झालं की टेप घेऊन चरात उतर. पाइपाच्या माथ्यावर मीटरभर माती हवी. जांभ्यात ब्रेकर लावावा लागतो, म्हणून कंत्राटदाराचा हात दीड फुटावर थांबतो आणि पुढे रस्त्याच्या गटाराची जेसीबी तो पाइप उचकटते. तळाला दहा सेंटिमीटर बारीक माती किंवा चाळलेला मुरूम, वरही तेवढाच. जांभ्याची धारदार कपची एचडीपीईला टेकून राहिली की वाहनांच्या वजनाने तिथेच चीर पडते. बट वेल्डच्या, म्हणजे पाइपांची टोकं तापवून चिकटवलेल्या, जोडाला दोन्ही बाजूंनी सारखी गोल कडा यायला हवी. एका बाजूला बारीक असेल तर कापून पुन्हा कर. जोड उघडे ठेवून दर पाचशे मीटरला दीडपट दाबाची चाचणी घे. एचडीपीई सुरुवातीला ताणतो, दाब थोडा उतरतो, त्याला गळती समजून घाबरू नकोस. पुन्हा दाब दे आणि मग वेळ मोजायला लाग. चाचणीच्या आधी चर बुजवला असेल तर बिल पुढे पाठवू नकोस.

पाणी निर्जंतुक करायच्या टीसीएलचं, म्हणजे ब्लीचिंग पावडरचं, प्रमाण हजार लिटरला पाच ग्रॅम, म्हणजे लाखाच्या टाकीला अर्धा किलो. द्रावण करून, निवळ टाकीत सोडायची, अर्धा तास थांबायचं. ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरिन उरलंय का ते रंगावरून बघायची चाचणी, टाकीजवळ करू नका. शेवटच्या नळाला पिवळा रंग आला तरच क्लोरिन पोचलं.

खर्चाचं सरपंचांना आधी सांग. वरच्या उदाहरणातल्या गावात 80 मीटरला पाच तास पंप म्हणजे महिन्याला साधारण 1,450 युनिट. युनिटला सात रुपये धरले तर दहा हजार, 450 घरांत वाटले तर घरामागे 22-23 रुपये. लोक विजेला घाबरतात, पण पाणी सोडणाऱ्याचा पगार, पंपाचं रिवाइंडिंग आणि गळती दुरुस्ती मिळून त्याच्या पुढे जातात. पाणीपट्टी या सगळ्या बेरजेवर ठरवायला सांग, शेजारच्या गावात किती आहे त्यावर नको.

पुढच्या पत्रात पाइपांचा नकाशा पाठवू नकोस. आधी विहिरीच्या भरतीच्या दर अर्ध्या तासाच्या नोंदी पाठव, आणि वरच्या वाडीतल्या शेवटच्या घराची पातळी.