नागपुरात सार्वजनिक वाचनालयाला पूर्ण काचेचा दर्शनी भाग चालेल का?

चालेल, पण चारही बाजूंनी नको. काच उत्तरेला मोकळी ठेवा, पश्चिमेला कमीत कमी. मावळतीचं ऊन तिरपं आत शिरतं, वरचा छज्जा तिथे कुचकामी. सावलीसाठी काचेबाहेर उभ्या पट्ट्या लागतात. इथल्या एका कार्यालयात मे महिन्यात कर्मचाऱ्यांनी काचेला आतून चक्क वर्तमानपत्रं चिकटवलेली मी पाहिली आहेत. वर एसी फुल्ल!

साधी ६ मिमी काच उन्हाची सुमारे ८०% उष्णता आत सोडते. ईसीबीसी २०१७ (इमारतींच्या ऊर्जाबचतीची राष्ट्रीय संहिता) नुसार उत्तर सोडून इतर बाजूंना हे प्रमाण २७% च्या आत हवं आणि काच सगळ्या बाजूंच्या मिळून एकूण बाह्यभिंतीच्या ४०% पर्यंतच. म्हणजे लो-ई (उष्णता परतवणारा पातळ) लेप असलेली दुहेरी काच. आरसेवाली काच घेऊ नका, समोरच्या रस्त्यावरचा दुचाकीवाला शिव्या देईल.

कर्टन वॉल, म्हणजे ही काचेची दर्शनी भिंत, स्लॅबला टांगलेली असते, मजल्याचं वजन पेलत नाही. काच धरणाऱ्या चौकटीची साडेतीन मीटरची अॅल्युमिनियमची उभी पट्टी तापमानातल्या ६० अंशांच्या फरकाने सुमारे ५ मिमी वाढते. सांध्यात तेवढी जागा ठेवली नाही तर पावसाळ्यात गळती ठरलेलीच. स्लॅब आणि काचेमधली फट अग्निरोधक भरावाने बंद करा, नाहीतर धूर थेट वरच्या मजल्यावर. प्रवेशद्वारावर लॅमिनेटेडच काच, फुटली तरी तुकडे डोक्यावर पडत नाहीत. आणि काच पुसायला माणूस कुठून लटकणार, हे नकाशातच ठरवा.