आजोबांच्या नावाचा रस्ता का अडला?

प्रश्न : वडिलोपार्जित जमिनीचे आम्ही नऊ भूखंड पाडले. आराखडा मंजूर झाला, पण आतल्या रस्त्याला आजोबांचं नाव देण्याचा अर्ज परत आला. जागा आमची, रस्ताही आम्हीच केला. मग अडवणूक का?

उत्तर : तुम्हाला वाईट वाटणं साहजिक आहे. भूमापनात माझी बरीच वर्षं गेली. माणसं हद्दीपेक्षा नावाबद्दल जास्त हळवी असतात, हे मी पाहिलंय. पण हे दोन निर्णय वेगळे. आराखड्यात प्रत्येक भूखंडाला वाट आहे का, पाण्याचा निचरा कुठे होतो, अग्निशमनाची गाडी आत वळते का, हे तपासतात. नावाच्या बाबतीत मुख्य प्रश्न असा : घाबरलेल्या माणसाने रात्री फोनवर ते उच्चारलं, तर रुग्णवाहिका नेमकी तिथेच येईल का? सारखं ऐकू येणारं नाव जवळपास आधीच असेल, तर नकार मला योग्य वाटतो. अर्जावरचा शेरा नीट वाचा. कारण हेच असेल, तर आजोबांनी लावलेल्या एखाद्या झाडाचं नाव सुचवा. फिलाडेल्फियाच्या १६८२ च्या आखणीतल्या भागात चेस्टनट, वॉलनट, पाइन असे झाडांच्या नावांचे रस्ते आजही आहेत.

आणि घरक्रमांक देताना मधले काही आकडे मोकळे ठेवायची विनंती आताच करा. पुढे एखाद्या भूखंडाचे पुन्हा दोन भाग झाले, तर ‘७अ’ शोधत कुणाला फिरावं लागणार नाही.