घरातला तिसरा

"मॅडम, मोबाईलने आमच्या घरातलं बोलणंच संपवलं." जोडप्यांचं समुपदेशन करताना हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय, की पुढचं मला पाठ असतं. उपायही बहुतेक जण घरूनच ठरवून आलेले असतात: जेवताना फोन बंद, झोपायच्या खोलीत फोन नको. नियम वाईट नाहीत. पण एका जोडप्यानंतर मी ते आधी सांगायचं सोडलं. (ओळख पटू नये इतपत तपशील बदललेत.)

लग्नाला अकरा वर्षं. ती चिडलेली, तो गप्प. रोज रात्री अर्धा तास दोन्ही फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, असं मी पहिल्याच भेटीत सांगून बसले. घाईच झाली माझी.

पुढच्या आठवड्यात ती म्हणाली, "पहिल्या दिवशी वीजबिलावर बोललो, दुसऱ्या दिवशी मुलांच्या परीक्षेवर. तिसऱ्या दिवशी भांडलो. चौथ्या दिवशी मीच म्हटलं, घे बाबा तुझा फोन."

तक्रार तिची, आणि फोन परत दिला तोही तिनेच!

मी मरे बोवेन या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाच्या विचारांवर वाढलेली. दोघांमधला ताण सोसेनासा झाला की ती दोघं तिसऱ्याला मध्ये ओढतात, असं ते सांगत. तो तिसरा म्हणजे मूल, सासू, कधी दारूसुद्धा. बोवेन १९९० मध्ये गेले, स्मार्टफोन त्यांनी पाहिला नाही. पण इतका सोयीचा तिसरा कुठला मिळायला? कुणाची बाजू घेत नाही, कंटाळत नाही, खिशात मावतो.

मी गृहपाठ बदलला. फोन खुशाल वापरा. फक्त हात तिकडे जाण्याआधी काय चाललं होतं, ते लिहा.

त्याने पाच ओळी लिहून आणल्या. चार किरकोळ. पाचवी: 'तिच्या वडिलांचा विषय निघाला.' ती वाचताना त्याचा अंगठा खुर्चीच्या हातावर वर-खाली सरकत होता, हातात फोन नसताना.

"बाबा गेले तेव्हा तू एक शब्द बोलला नाहीस," ती म्हणाली.

"काय बोलावं कळलंच नाही. मग वाटलं, आता उशीर झाला. तू त्यांचं नाव काढलंस की मी स्क्रीनवर काहीही बघतो. काय बघितलं तेही आठवत नाही."

मी गप्प राहिले. अशा वेळी गप्प बसणं मला फार उशिरा जमलं. आता जमतं, याचा थोडा अभिमान आहे.

सगळा दोष मनातल्या ताणाचा, असं मी म्हणत नाही. स्क्रोलला तळच नसतो, आणि तो नसावा हे मुद्दामच केलेलं असतं. तरीही किती तास, हे मोजण्याआधी नेमकं कधी, हे बघा. कुठल्या विषयाला हात खिशात जातो? आणि समोरच्याचा फोन हिसकावणार असाल, तर त्या मोकळ्या अर्ध्या तासात जे बाहेर येईल ते ऐकायची तुमची तयारी आहे का?

शेवटच्या भेटीत ती सांगत होती, परवा बाबांचा विषय निघाला आणि यानं फोन उचलला. ती उठणारच होती. यानं त्यांचा एक जुना फोटो शोधून तिच्यापुढे धरला.

"हा नको," ती म्हणाली, "यात ते आजारी दिसतात."

मग दोघं बराच वेळ दुसरा शोधत बसली.