ताप नाही, मग सिक लीव्ह कशी टाकू?

"मॅडम, ताप नाही, खोकला नाही. सिक लीव्ह टाकली तर ते खोटंच झालं ना?" हा प्रश्न माझ्याकडे समुपदेशनाला येणारे बरेच जण आणतात. त्यातला एक लक्षात राहिलाय. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.)

वय ३४, नोकरी हिंजवडीत. सकाळी दहाला लॉगिन, रात्री साडेअकराला अमेरिकेतल्या क्लायंटचा कॉल. सात-आठ महिने हेच. एकदा सुट्टी घेतली होती म्हणे. बाथरूममध्ये जाऊन, घसा बसल्यासारखा आवाज काढून मॅनेजरला फोन केला. बाहेर आला तर दारात सहा वर्षांची लेक. "बाबा, तू नाटक करतोयस?" मग सुट्टीचा अख्खा दिवस लॅपटॉप उघडूनच बसला.

जरा थांबून म्हणाला, "भूमकर चौकात कधीकधी वाटतं, गाडी घसरावी. जीव नको जायला, पण पाय मोडावा. दीड महिना प्लास्टर. कुणी काही विचारणार नाही."

असं कानावर आलं की मी आडवळण घेत नाही. "जीव द्यावासा वाटतो का?" नाही म्हणाला. तरी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर समोरच सेव्ह करायला लावला. विश्रांतीसाठी हाड मोडून घ्यावंसं वाटणारा माणूस धडधाकट आहे, हे मात्र मला मान्य नव्हतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ मध्ये मंजूर झालेल्या आजारांच्या यादीत बर्नआउट (कामाच्या सततच्या ताणाने पार थकून जाणं) हा आजार नाही, कामाशी निगडित स्थिती आहे. पण झोप उडणं, छातीत धडधडणं, अन्न न जाणं हे डॉक्टरांनी तपासून लिहून दिलं तर त्यात खोटं काय? त्याला फॅमिली डॉक्टरांकडे पाठवलं. बी-१२ बरंच कमी निघालं. (सगळं खापर ऑफिसवर फोडायची घाई मलाही होते.) डॉक्टरांनी आठ दिवसांचं सर्टिफिकेट दिलं.

एकेक दिवसाची सुट्टी मला पटत नाही; ती उद्याच्या धास्तीतच संपते. सलग घ्या म्हटलं, आणि लॅपटॉप आईकडे ठेवा. मेसेज दोनच ओळींचा: 'डॉक्टरांनी आठ दिवस विश्रांती सांगितली आहे. सर्टिफिकेट जोडलंय.' कारणमीमांसा नको, माफी तर नकोच.

माझ्यासमोरच पाठवला. 'टेक केअर' आलं. पाठोपाठ दुसरा मेसेज: सर्व्हरचा पासवर्ड कुणाकडे आहे?

त्याने मोबाइल टेबलावर पालथा घातला. मग पुन्हा उचलला, एका सहकाऱ्याचं नाव टाइप केलं आणि बंद करून खिशात टाकला.