मायक्रोवेव्हमध्ये एमसीएम-४१ (अतिसूक्ष्म छिद्रांची सिलिका) करतोयस? मग हे वाच
अरे घरगुती ओव्हन अजिबात नको, बंद भांड्यात प्रेशर किती चढलंय ते कळतच नाही, लॅबवाला घे ज्यात टेंपरेचर-प्रेशर दोन्ही दिसतं आणि टेफ्लॉनचं भांडं अर्ध्याच्या वर भरू नकोस. सीटॅब (साबणासारखं रसायन, ज्याच्याभोवती सिलिकाची छिद्रं घडतात) आधी कोमट पाण्यात पूर्ण विरघळव, थंडीत ते परत पांढरं होऊन खाली बसतं, मी तसंच टीईओएस (ज्यापासून सिलिका बनते ते द्रव) ओतलं होतं आणि सगळा बॅच वाया. जोरात ढवळलंस तर नुसता फेस!

साध्या ओव्हनमध्ये १०० डिग्रीला एक-दोन दिवस लागतात ते इथे तासाभरात होतं, कारण मायक्रोवेव्ह थेट पाण्यालाच तापवते. पण शेवटी छिद्रांतलं सीटॅब जाळून काढायला मफल फर्नेसच (खूप तापणारी बंद भट्टी) लागते, ५५० डिग्री, मिनिटाला १ डिग्रीने चढव, घाई केलीस तर पोअर्स (छिद्रं) कोसळून बंद होतात.