सिद्धेश्वर की सिद्धरामेश्वर, आणि त्यातले कोणते?

एका वाचकाने विचारलंय: 'सोलापूरचं ग्रामदैवत सिद्धेश्वर म्हणायचं की सिद्धरामेश्वर? आणि निसर्गदत्त महाराजांचे गुरू सिद्धरामेश्वर महाराज ते हेच का?'

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण खरा घोटाळा तिथे होतो. ते वेगळे. ग्रामदैवत झालेले सिद्धराम १२व्या शतकातले, बसवेश्वर आणि अल्लमप्रभू यांचे समकालीन, कन्नड वचनकार (वचनं म्हणजे छोट्या भक्तिपर रचना). निसर्गदत्त महाराज हे मुंबईतले अद्वैत सांगणारे सत्पुरुष. त्यांचे गुरू इंचगिरी संप्रदायाचे. जन्म १८८८चा, देह ठेवला १९३६ साली मुंबईत. मध्ये ७०० वर्षं गेली. पण गल्लत होते ती उगाच नाही. या गुरूंचा जन्मही सोलापूर जिल्ह्यातल्याच पाथरीचा (परभणीकडची पाथरी निराळी), आणि सिद्धराम, सिद्राम, सिद्रामप्पा ही नावं आमच्याकडे घरोघरी सापडतात.

आता शब्दाकडे वळू. मूळ नाव सिद्धराम. शिवरूप मानलेल्या सत्पुरुषाच्या नावाला 'ईश्वर' जोडतात. बसवचे बसवेश्वर झाले, तसे सिद्धरामचे सिद्धरामेश्वर. 'सिद्धेश्वर' म्हणजे सिद्ध अधिक ईश्वर. हे शंकराचं नाव सगळीकडे आढळतं. मंगळवेढा तालुक्यात भीमेकाठी माचणूरला सिद्धेश्वर आहे, लातूरचं ग्रामदैवत सिद्धेश्वर आहे, हिंगोली जिल्ह्यात पूर्णा नदीवर सिद्धेश्वर धरण आहे. नुसतं नाव जुळतं म्हणून त्यांचा आमच्या सिद्धरामांशी संबंध लावू नये.

सोलापुरात मात्र दोन्ही नावं एकाच ठिकाणी येऊन मिळाली आहेत, कारण तळ्यातल्या सिद्धेश्वर मंदिराच्या आवारातच सिद्धरामांची समाधी आहे. बोलण्यात 'सिद्धेश्वर'च चालतं. तळं, मंदिर, पेठ, सगळं सिद्धेश्वर. 'रात्री सिद्धेश्वरनं निघतोय' असं कुणी म्हणालं, तर ती मुंबईची गाडी हे इथे कुणाला सांगावं लागत नाही. आणि हे नाव फक्त देवळापुरतं नाही. संक्रांतीला सात नंदीध्वज (मानाच्या उंच काठ्या) मिरवणुकीने निघतात तेव्हा 'एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र, सिद्धेश्वर महाराज की जय' असाच गजर होतो. तिथे सिद्धेश्वर म्हणजे प्रत्यक्ष सिद्धराम. म्हणून 'सिद्धेश्वर' चूक आणि 'सिद्धरामेश्वर'च शुद्ध, हा आग्रह मला पटत नाही. ज्या नावाने गाव शतकानुशतकं हाक मारतं, ते अशुद्ध कसं?

लिहिताना मात्र भेद पाळावा. वचनांबद्दल लिहाल तर सिद्धराम किंवा शिवयोगी सिद्धरामेश्वर लिहा. त्यांची मुद्रा (वचनात येणारी खूण) 'कपिलसिद्ध मल्लिकार्जुन', आणि कन्नडात त्यांची ओळख 'सोन्नलिगेचा सिद्धराम'. सोन्नलिगे म्हणजे आपलं सोलापूर. नुसतं 'सिद्धरामेश्वर महाराज' लिहिलंत, तर निम्मे वाचक तळ्याकडे जातील आणि निम्मे निसर्गदत्तांच्या गुरूंकडे. म्हणून या गुरूंच्या नावाआधी 'इंचगिरी संप्रदायाचे' एवढं तरी घालाच. तसंच विजयपूरच्या ज्ञानयोगाश्रमाचे सिद्धेश्वर स्वामी, जे जानेवारी २०२३मध्ये गेले, तेही वेगळे. त्यांच्या नावाआधी गाव लिहिलं की भागतं.

या नावाचा माग दक्षिणेत पार म्हैसूरपर्यंत लागतो. कर्नाटकातले नेते सिद्धरामय्या यांचं नाव सिद्धराम अधिक अय्या असं बनलंय, आणि त्यांचं जन्मगाव आहे सिद्धरामनहुंडी.