आईबाबांसाठी हालचालीचे गेम? बोलिंगपासून सुरू करा

बाबा बहात्तरचे, गुडघे कुरकुरणारे आणि तुम्ही थेट निन्टेन्डो स्विचवरचा 'रिंग फिट' हा व्यायामाचा व्हिडिओ गेम आणायला निघालात! गेम झकास आहे, पण तो मांडीला पट्टा बांधून जागच्या जागी पळायला लावतो. तो सध्या राहू द्या.

बोलिंग घ्या. निन्टेन्डोच्याच २००६ च्या 'वी स्पोर्ट्स' या गेममध्ये होतं, आता स्विचवरच्या 'स्विच स्पोर्ट्स'मध्येही आहे. रिमोट धरलेला हात मागे नेऊन पुढे झोकायचा, खुर्चीत बसूनही जमतं. आपली पाळी येईपर्यंत दम खाता येतो आणि उरलेल्या पिना कशा पाडायच्या याचा विचारही होतो. टेनिसमध्ये ती सवड नाही.

पहिल्या दिवसापासून एवढं पाळा:

- सतरंजी, टीपॉय बाजूला. पायात नुसते मोजे नकोत, फरशीवर सरकतात.
- रिमोटची दोरी मनगटात. टीव्ही वाचतो.
- मागे भक्कम खुर्ची. प्लास्टिकची नको.
- दहा-पंधरा मिनिटं पुरे. रंगात आले की खांद्याची आठवण दुसऱ्या दिवशीच होते!

बहुतेकांचं गाडं अडतं ते मात्र आपल्यामुळेच. "अहो बाबा, असं नाही" म्हणत आपण रिमोट हिसकावतो. चुकू द्या त्यांना. नातवंडांशी स्पर्धाही लगेच नको, पोरं दहा मिनिटांत धुव्वा उडवतात आणि आजोबा पुन्हा पेपरात डोकं घालतात. स्मरणशक्ती वाढेल असंही सांगू नका, मजा येते एवढं कारण पुरे. रोजचं फिरणं सुरूच ठेवा.

चक्कर येत असेल किंवा अलीकडे पडले असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा. बॅलन्स बोर्डाचं, म्हणजे ज्यावर उभं राहून तोल साधत खेळायचं त्या पाटीचं, नंतर बघू. टीव्हीसमोर मोकळी जागा किती आहे ते कळवा.